उलट्या क्रमाच्या काचा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मूल गावातल्या आमच्या धान सोसायटीची ती ‘उलटी योजना’ — जिच्यामुळे माझे इतके सत्कार झाले — ती मला सुचलीच नव्हती.

पण आधी त्या संध्याकाळचं सांगू द्या, तिचा आनंद अजून माझ्या पोटात मावत नाही. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी सोसायटीचा चिटणीस, तरणा आणि बोलघेवडा. शेतकऱ्यांना धानविक्रीची योजना पटवायची होती. माझा मित्र युसूफ गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यानं काचांवर चित्रं काढून दिली — एका काचेवर एक चौकट, चौकटीत एक पायरी, आणि पुढच्या पायरीकडे जाणारा बाण. शेतातलं धान, मग गोदाम, मग गिरणी, मग वडशाच्या बाजारातला व्यापारी. शेवटचा बाण भाव घेऊन परत शेताकडे. मॅजिक लँटर्नमधून, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून, त्यानं ती पडद्यासारख्या ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर दाखवायची आणि मी बोलायचं.

दिवेलागण झाली, मैदान भरलं, आणि पडद्यावर पहिला आला तो व्यापारी! युसूफनं घाईत काचांचा डबा उलटा धरला होता. पाठोपाठ गिरणी, मग गोदाम, शेवटी शेत. थांबवावं का? — तेवढ्यात पुढे बसलेले एक म्हातारे शेतकरी उठले.

“म्हंजे आधी गिऱ्हाईक न् भाव पक्का करायचा, मंगच बंडी जुपायची? असंच म्हणून राह्यला ना तू?”

तोवर आम्ही धान बाजारात नेऊन टाकायचो आणि व्यापारी म्हणेल तो भाव मुकाट्यानं घ्यायचो. मी संधी साधली. “हो,” म्हणालो. मैदान टाळ्यांनी दणाणलं, माझ्या गळ्यात हार पडले. आणि खरंच — त्या हंगामात भाव आधी ठरवूनच आमच्या बैलबंड्या वडशाला गेल्या, पुढे सोसायटीची स्वतःची गिरणी उभी राहिली. आम्ही जिंकलो. तो अभिमान मी आजही सोडणार नाही.

मग लपवलं काय? — इथेच मी अडखळतो. सभा उठल्यावर युसूफ हसत म्हणाला होता, “डबा म्या उलटा धरला, अन् हार तुले पडले.” त्याला नुसती गंमत वाटली होती. मला भीती वाटली. हा कुठे बोलला तर?

पुढच्या सभा ठरवताना सोसायटीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, “सिंदेवाहीकडच्या गावाईत युसूफलेच नेतो ना?”

“नाई भाऊ,” मी म्हणालो, “तो काचा फोडते.”

त्यानं एकही काच कधी फोडली नव्हती. ते काम गेलं, मग माझ्या शब्दावर विसंबून दुकानदारही त्याला पाट्या देईनात, आणि तो नाटकांचे पडदे रंगवायला वडशाला निघून गेला.

गिरणीच्या उद्घाटनाला तो मुद्दाम आला. गर्दीत उभा राहून शेजारच्यांना सांगत होता, “माहा दोस्त आहे तो.” मंचावर मला कुणी विचारलं, ही उलटी कल्पना सुचली कशी? विचार करता करता, असं मी सांगितलं. सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती युसूफनं. माझ्या गळ्यात हार होता, तो समोर उभा होता — आणि मी त्याला ओळख दाखवली नाही.