गुरुजी फेसबुकवर आले तेव्हा

तिसगावच्या बाजारात गुरुजी दिसले, की नातवंडं झालेली माणसंसुद्धा हातातली बिडी टाकून द्यायची. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांचा दरारा कमी झाला नव्हता. कुणाच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं दिसलं तर ते भर रस्त्यात थांबून म्हणत, "अंगात आहे तो सदराच ना?" समोरचा सरपंच असला तरी निमूटपणे बटण लावायचा. मी त्यांचाच विद्यार्थी, आणि मला त्यांचा भारी अभिमान होता.

त्यांचं फेसबुकचं खातं मीच उघडून दिलं. फोटोसाठी ते टोपी घालून, छाती पुढं काढून बसले. 'तुमच्या मनात काय चाललंय?' हा प्रश्न वाचून मात्र भडकले. "ह्याला काय करायच्यात चौकशा?" मग विचार करून पहिलंच वाक्य लिहिलं, 'सर्व विद्यार्थ्यांनी आपापली खुशाली कळवावी.'

खुशाली धो धो आली. पुण्याहून, सुरतेहून, कुठल्या कुठल्या लष्करी छावणीतून. गुरुजी प्रत्येकाचं शुद्धलेखन तपासून उत्तर देत आणि मला हाका मारून मारून दाखवत. आठवडाभर त्यांच्याइतका सुखी माणूस तालुक्यात नसेल.

मग भास्करनं लिहिलं. 'गुरुजी, सातवीत दिवाळीनंतर आईबापासंगं ऊस तोडायला गेल्तो. गुढीपाडव्याला आलो तर खाडे केले म्हणून तुमी सगळ्यांम्होरं लई मारलं. तवापासून शाळंत आलो न्हाई. आता बी ऊसच तोडतोय. बाकी खुशाल हाय.'

गुरुजींनी ते पुन्हा एकदा वाचलं. "मी त्याच्या भल्यासाठीच..." एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "पोरगं कुठं गेलं होतं हे मला ठाऊक होतं रे. नेलं आईबापानं, आणि मार त्याला दिला."

इकडं फेसबुकवर आमची सगळी पलटण भास्करवर तुटून पडली होती. 'गुरूला नावं ठेवतो, लाज वाटत न्हाई?' 'तुझीच लायकी नव्हती.' मीही मागं राहिलो नाही. 'आम्ही पण मार खाल्ला, म्हणून तर घडलो,' असं ठोकून दिलं. संध्याकाळपर्यंत भास्करचं लिहिणं गायब झालं.

गुरुजींना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी पुसलं गेलं. खरं काय ते मी सांगितलं, तर म्हणाले, "मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं ना? मग तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं होतं?" मी भास्करचा ठावठिकाणा शोधायला लागलो.

भास्करच्या टोळीचा मुक्काम कोपरगावच्या बाजूला आहे, एवढा पत्ता लागला. दोन एसट्या बदलून आम्ही तिथं पोहोचलो. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्या, दारांपुढं चुली. भास्कर बाजेवर टेकला होता. गुरुजींना बघून ताडकन उठला. डोक्याचे केस पिकलेले, आणि घाईघाईनं सदऱ्याचं बटण लावतोय.

"पोस्ट काढली गुरुजी," तो म्हणाला. "चुकी झाली. परत न्हाई लिहायचो."

गुरुजींनी त्याचे दोन्ही हात धरले. "मी तुला मारायला नको होतं भास्कर. माफ कर मला."

भास्करनं गोंधळून माझ्याकडं पाहिलं. यावर काय बोलायचं असतं, ते त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "न्हाई गुरुजी, खाडे मीच केल्ते."

परतीच्या एसटीत गुरुजी एकदाच बोलले. "तो शिव्या देईल म्हणून घाबरत गेलो होतो रे. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्याच वर्षी गुरुजी गेले. शोकसभेत जो तो उठून त्यांच्या शिस्तीचे गोडवे गात होता आणि लोक माना डोलवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी भास्करचं सांगितलं. गुरुजींनी त्याचे हात धरून माफी मागितली, हेही सांगितलं.  मग मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस! गुरुजी असं करनारच न्हाईत."