मशीन ओ देत नाय

खालापूरला जमिनीची मोजणी करणाऱ्या ज्या खासगी मोजणीदारांकडे मी काम करते, त्या काकांचा एकच नियम: हाक मारली की ओ आली पाहिजे. हात गुंतलेत म्हणून तोंड गुंतत नाही, असं त्यांचं ठाम मत.

मी पायथन या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. मोजणीचे आकडे भरून बटण दाबलं की नकाशाचं सॉफ्टवेअर आपोआप हद्दी आखून, गट नंबर टाकून नकाशा छापायचं. मला त्याचं भारी कौतुक. फक्त आखणी चालू असताना पडद्यावरची खिडकी पांढरीफटक पडायची आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटायचं. आत काम जोरात चाललेलं असायचं, पण ते काकांना कोण पटवणार. ते माऊस आपटायचे, "मेलं गं हे," म्हणायचे आणि सरळ मेन स्विच पाडायचे.

कळंबच्या एका मावशींचा नकाशा असा दोनदा अर्ध्यावर गेला. त्यांना दोन मुलांत शेताची वाटणी करायची होती.

"उद्या येतील त्या," काका म्हणाले. "उद्या नीट चाललं तर ठीक, नायतर हे काढून टाक. मी आपला पहिल्यासारखा हातानं आखीन."

"काका, ते काम करत असतं हो."

"मग ओ द्यायला काय होतं त्याला?"

राग आला, पण मुद्दा बरोबर होता. माझ्या प्रोग्रामात आखणारा आणि हाक ऐकणारा एकच होता. मग मी दुसरा थ्रेड काढला, म्हणजे त्याच प्रोग्रामात त्याच वेळी राबणारा दुसरा गडी. आखायचं त्यानं, आणि पहिल्यानं नुसतं खिडकीशी बसून ओ द्यायची. दुसऱ्यानं परस्पर खिडकीला हात लावला की सगळंच कोसळायचं, म्हणून त्यानं फक्त निरोप ठेवायचा, खिडकीवर लिहायचं काम पहिल्याचं. तिथे ओळ टाकली: ‘ओ, आखतोय.’

दुसऱ्या दिवशी मावशी बाकावर येऊन बसल्या. काकांनी बटण दाबलं. ‘ओ, आखतोय.’ काकांचा चेहरा खुलला. मी चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ओ. इतकं आज्ञाधारक मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते दाबतच राहिले. प्रत्येक दाबण्याला एक नवा थ्रेड कामाला लागत होता.

मी परत आले तर प्रिंटर थांबायचं नाव घेईना. जमिनीवर नकाशांचा ढीग.

मावशी घाबरल्या होत्या. "आवो, पोरं दोनच हायत माजी."

त्यांना हव्या तेवढ्या प्रती देऊन, समजूत घालून पाठवलं. काका ढीग गोळा करत म्हणाले, "ओ द्यायला शिकवलंस, पुरे म्हणायला नाय शिकवलंस. पण राहू दे. मला आवडलं हे."

मला इतका आनंद झाला की लगेच दुरुस्तीला बसले. एकदा दाबलं की काम संपेपर्यंत बटण बंद, एवढंच लिहायचं होतं. त्यात अशी गढले की काकांनी हाक मारली ती ऐकूच आली नाही. दुसरीही नाही.

मग पडदा काळा झाला. वळून पाहिलं, तर काका मेन स्विचपाशी उभे होते.