वर धरलेला हात

सरकारी दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. सलाईनला स्टँड नव्हता, म्हणून तिचा नवराच बाटली उंच धरून उभा होता. सत्तरी उलटलेला माणूस. हात जरा खाली आला की नर्स ओरडायची, "आजोबा, वर! नळीत रक्त चढेल." ते दचकून हात वर करायचे. वर्गात काही विचारायला हात वर करावा आणि गुरुजींचं लक्षच जाऊ नये, तसे ते सकाळपासून उभे होते.

मला राहवेना. मी बाटली घेतली. दहा मिनिटांत खांदा भरून आला. इथलं म्हातारपण कुणाच्या तरी दुखऱ्या खांद्यालाच टांगलेलं असतं, हे तेव्हा कळलं.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर राज्याचा अर्थसंकल्प चालू होता. एकदम धडाधड बाकं वाजली.

"भांडण लागलं का हो?" आजोबांनी दंड चोळत विचारलं.

"नाही. दवाखान्यांना, म्हाताऱ्यांना पैसे जाहीर केलेत. म्हणून बाकं वाजवतायत."

त्यांनी खाटेमागच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"एवढं ठोकतायत," ते म्हणाले, "त्यात इथं एक खिळा ठोकून झाला असता."

आणि माझ्याकडून बाटली घेऊन त्यांनी पुन्हा हात वर केला.