सहावा दगड

लाडकी नागोरावांना खरी किती ठाऊक होती? चार वर्षं त्यांनी तिच्या शेतात आपले देव मांडले, तिच्या घरचं पाणी प्यायलं. पण तिचं माहेर कुठलं, तिला मुलं किती, हे कधी विचारलं नाही. नवऱ्याचं नाव सुका, पाडा मनोरच्या बाजूला, आणि बोईसरच्या बाजारात ती वालाच्या शेंगा घेऊन बसते. एवढीच माहिती.

नागोराव मूळचे उदगीरकडचे. तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली आणि सालवडला दोन खोल्या केल्या. इथली खारी हवा अंगवळणी पडली, तांदळाची भाकरी पडली, कामगारांची हिंदीसुद्धा पडली. येळवस तेवढी सुटली नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला त्यांच्या मुलखात घरांना कुलपं लागतात आणि अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, बसवायचे, आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा आणि तिथंच जेवायचं. सालवडला रान कुठलं आणायचं? त्यांची बायको नर्मदाबाई गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपाशी पाच खडे मांडत. गावाहून थोरल्या भावाचा फोन ठरलेला असे.

"काय नागू, यंदा बी पांडव कुंडीतच का?"

एकदा शेंगा घेताना नर्मदाबाईंनी हे लाडकीला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"कुंडीन देव? अवो, माझे शेतावर या की. भात कापून झाला, जागा मोकळीच हाय."

पहिल्या वर्षी दोघं बिचकतच गेले. कडबा नव्हता, तर सुकानं कारवीच्या काठ्या रोवून वर भाताचा पेंढा घातला. ज्वारीचं पीठ गावाहून यायचं बंद झालं तेव्हा लाडकीनं नाचणीचं दिलं. आंबील काळपट झाली, पण नागोरावांना ती आवडली. ते आंबील शिंपडत निघाले की सुका मागून ओरडे, "दादा, आमचे देव ताडी पितात, तुमचे ताकावर भागवतात का?" आणि सगळ्यांत मोठ्यानं नागोरावच हसत.

दुसऱ्या वर्षी पूजा मांडताना लाडकी ओंजळीत एक दगड घेऊन आली.

"दादा, पाच तुमचे बसले. शेत कनसरीचा हाय. तिला नको बसवाया?"

कनसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. नर्मदाबाईंनी दगड हातात घेतला, चुना लावला आणि पांडवांच्या शेजारी चिमूटभर तांदळावर ठेवला. तेव्हापासून दगड सहा. नागोरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं त्यांच्याच तोंडून निघालं. फोनवरच्या टोमण्यांना कंटाळून एकदा ते बोलून गेले, "कुंडीत कशाला? रान घेतलंय मी इकडं. दोन एकर." भाऊ खूश झाला. चौथ्या वर्षी येळवसेच्या आदल्या दिवशी तो न सांगता बोईसर स्टेशनावर उतरला. "नागूचं रान बघायचं," म्हणाला.

नागोरावांनी रात्रभर विचार केला की सकाळी खरं सांगून टाकू. रिक्षात बसताना वाटलं, मनोरला उतरल्यावर सांगू. उतरल्यावर वाटलं, जेवल्यावर.

भावानं बांधावर उभं राहून शेत नजरेखालून घातलं. "जमीन उथळ हाय, पर हाय बरी." मग वाकून खोपीत पाहिलं. "पांडव पाच असतेत. ह्यो सहावा कोण बसविला?"

लाडकी शेणानं सारवलेल्या जागेवर पत्रावळी मांडत होती. नागोराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईनं ठेवला असंल. कामाला हाय आपल्याकडं."

"मग काढायला लाव की. मालक तू का ती?"

सुकाचा हात पाण्याच्या हंड्यावर थांबला. नर्मदाबाई नागोरावांकडे बघत राहिल्या. एक वाक्य बोलायचं होतं, तेही खरं. साठी उलटलेल्या माणसाला ते जमू नये?

"लाडके," ते म्हणाले, "काढ तो."

ती उठली. खोपीत वाकून तिनं आपला दगड उचलला, खालचे तांदूळसुद्धा वेचून घेतले आणि सगळं पदरात बांधलं.

"हा, शेट," म्हणाली.

तिनं त्यांना शेट म्हटलेलं तेवढं एकदाच. जेवणं झाली. भावानं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची तारीफ केली, आंबिलीला नावं ठेवली. आपल्याच शेतात लाडकी आणि सुका बांधापलीकडे पाठ करून बसले होते.

पुढच्या वर्षी नागोराव गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघाच दुखला. "एकदा जाऊन तिच्यापुढं कबूल करा," नर्मदाबाई म्हणत, "पाय धरा म्हणत नाही मी." ते हो म्हणत आणि भाजी आणायला दुसऱ्या रस्त्यानं जात.

गेल्या पावसाळ्यात लाडकी तापानं गेली. हे त्यांना महिन्यानं कळलं, तिच्या जागी बसलेल्या सुनेकडून. सुनेचं नाव दीपिका. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. सासूचा दगड कुठं आहे, हे मात्र विचारवलं नाही.

त्या येळवसेनंतर लाडकी एकदाच भेटली होती, गेल्या होळीच्या आधी. तो दुसरा रस्ता गटारासाठी खणला होता, म्हणून ते बाजारातून निघाले आणि नेमके तिच्या टोपलीपुढे आले. तिनंच हाक मारली, पूर्वीसारखी.

"दादा, गुडघा कसा हाय?"

"बरा आहे." त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता बोलायचं, असं ठरवून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग शेंगा निवडत म्हणाली, "यंदा येनार ना? पेंढा ठेवू का मागं?"

"ठेव," नागोराव म्हणाले.

"बरा. जा मग, ऊन लागंल."