धुळाजीचा फायटर मासा

धुळाजी माझा शेजारी. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये लाल सळई सांडशीने धरून रोलात घालायचं काम करतो. रात्रपाळी करून सकाळी परततो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. गेटवरचं काम मागून घ्या म्हणून बायको, सत्यशीला, कधीची मागे लागलीय. गडी ढिम्म. गेटवर म्हणे म्हातारे बसतात. आणि त्या गेटवर बसतो कोण, तर मी! असला शेजारी वैऱ्याला मिळू नये.

त्याची मुलगी शिवकन्या नर्सिंग शिकायला संभाजीनगरला गेली. जाताना तिचा निळा फायटर मासा काचेच्या टाकीसकट बापाच्या हवाली केला. "बाबा, मी येईस्तोवर याला सांभाळा," एवढंच म्हणाली. मग काय, घरी आला की धुळाजी बूट न काढताच टाकीसमोर बसायचा. पाणी गढूळ दिसायला लागलं तसा सुट्टीच्या दिवशी मला गाडीवर मागे बसवून नवीन जालन्यात गेला, सोहेबच्या माशांच्या दुकानात.

"चाचा, फायटरला संथ पाणी लागते," सोहेब म्हणाला. "हे स्पंजवालं फिल्टर घ्या. बिलकुल हळू बुडबुडे सोडते."

"पाण्याला जोर न्हाई तं ते फिल्टर कायचं?" धुळाजीने सगळ्यात दणकट फिल्टरचा डबा उचलला. "आमच्या मिलीत थंड पाण्याची धार मंदावली की तापलेला रोल तडकते."

सोहेबने पुन्हा समजावलं, मग नाद सोडला. मिलमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला पाण्याचं कोण शिकवणार!

पाणी झालं मात्र लख्ख. धुळाजीने गल्लीभर सांगितलं. पण मासा प्लास्टिकच्या पानाआड कोपऱ्यात जाऊन बसला. दाणा घ्यायला निघाला की धार त्याला मागे लोटायची. पंख फाटले. पुढे पुढे तर तो दाण्यालाही येईना.

एका सकाळी सत्यशीलाने मला हाक मारली. धुळाजी नुकताच पाळीवरून आला होता.

"पोरीचा फोन आल्ता," ती म्हणाली. "मासा दाखव म्हणून राह्यली. काय दाखवू तिला?"

धुळाजी टाकीसमोर बसला.

"थकून गेला गं हा," तो म्हणाला. "दिसभर धारेसंग झगडतो, अन् हाये तिथंच ऱ्हातो." मला फार वाईट वाटलं.

त्याने फिल्टरची पिन उपसली. त्याच मळक्या कपड्यांनी गेला आणि सोहेबचं दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिला. स्पंजवालं फिल्टर आणून लावलं. हवेची चावी इतकी बारीक केली की बुडबुडे एकेक करून वर यायला लागले. टाकीतलं पाणी संथ झालं. बऱ्याच वेळाने मासा पानाआडून बाहेर आला, वर जाऊन श्वास घेतला आणि पानावर अंग टाकून पडून राहिला.

"माशाचं बराबर कळलं तुमाला," सत्यशीला म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

धुळाजीने तेव्हा कुठे बूट काढले. पाय सुजले होते. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "भाऊ, गेटवर अजून एक खुर्ची हाये का?"

खुर्ची एकच आहे. पण मी आहे म्हणालो.