सत्कारमूर्तीची चढाई

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला राहनाळ गावच्या मैदानावर दिवे नव्हते. अंधार पडला की कबड्डीचा सामना रद्द होई. त्या दिवशी अंतिम सामन्याआधी, एका कंपनीच्या संघातून खेळून निवृत्त झालेल्या एका चढाईपटूचा सत्कार होता. त्याचे नाव मला आठवत नाही. खुर्चीत बसूनही त्याची उजवी टाच चढाईला निघाल्यासारखी उचललेली होती, हे मात्र स्मरते.

प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबले. दोन्ही संघ ताटकळत होते आणि मावळतीचे ऊन मैदानावरून सरकून शेजारच्या गोदामांच्या पत्र्यांवर गेले होते. पाहुण्यांनी तिसऱ्यांदा पाण्याचा पेला उचलताच सत्कारमूर्ती नम्रपणे उठला.

“सायब, आमच्या खेळात दम तुटला का गडी बाद. तुमचा तीनदा तुटला. पाहुणे म्हणून पंच काय बोलला न्हाय.”

हशा पिकला. पाहुणेही हसत खाली बसले. आयोजकांनी आता त्यालाच बोलण्याची विनंती केली. त्याने मातीला हात लावून छातीभर श्वास घेतला, तेव्हा सारे मैदान धास्तावले.

“शिट्टी मारा,” एवढेच तो म्हणाला.

शेवटची चढाई झाली, तेव्हा रेषा जेमतेम दिसत होती. ती जवळून पाहता यावी म्हणून सत्कारमूर्ती शालीसकट मातीत ओणवा झाला होता.