सुमनताईंची बत्तीस घरं

त्या सोमवारी सकाळी मी सुप्याच्या स्टँडवर पारनेरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. मला त्या गाडीनं कुठं जायचं नव्हतं. मी नगरहून येते, माझी गाडी आधीच येऊन गेलेली असते. पण आमचा नेमच होता, की जी आधी उतरेल तिनं दुसरीसाठी थांबायचं आणि मग दोघींनी मिळून एमआयडीसीच्या टेम्पोत बसायचं. सुमनताई आठ दिवस रजेवर होत्या. ताप उतरत नाही, सोमवारी येते, असा त्यांचा निरोप आला होता. गाडी आली, माणसं उतरली, त्या उतरल्या नाहीत. कंडक्टर मला तोंडओळखीनं ओळखायचा. दारातून वाकून त्यानं विचारलं, "टायपिंगवाल्या बाईंची वाट बघताय का?" मी हो म्हटलं. तो एक पायरी खाली उतरला. "त्या गेल्या की, ताई. शुक्रवारीच. कावीळ झाल्ती म्हनत्यात. तुमाला कुनी कळवलं न्हाई?" मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? कारखान्याचा फोन गुरुवारपासून बंद होता, आणि त्यांच्या घरी माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मी टेम्पोत बसले आणि कामावर गेले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

सुमन साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. आमच्या कारखान्यात त्या मराठी टायपिस्ट होत्या आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरवर. एवढ्या मोठ्या आवारात बायका म्हणजे आम्ही दोघीच. स्टोअरच्या मागे आम्हाला एक खोली दिली होती. तिच्यात एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या. त्याआधी कित्येक वर्षं त्या पारनेरला तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या आडोशाला टाइपरायटर घेऊन बसत. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या विणायच्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या. हे सगळं मला एकदम कळलं नाही. पाच वर्षांत, डबा खाता खाता, तुकड्या-तुकड्यानं कळलं. त्यांनी माझ्याबद्दल फारसं विचारलं नाही. वडील गेल्यापासून मी नगरला एकटी राहते, एवढं त्यांना माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं. चारचौघांत मला मॅडम म्हणायच्या, खोलीत वैशाली.

सत्त्याण्णव साल असावं. टाइपरायटर गेला आणि त्यांनाही कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं. मराठी फॉन्टची बटणं टाइपरायटरसारखीच होती, त्यामुळे मजकुराची त्यांना काही अडचण आली नाही. उलट माझ्यापेक्षा त्यांचा हात दुप्पट चालायचा. पण फोल्डरची नावं इंग्रजीतच द्यावी लागत, तिथं मराठी टाइप केलं की भलतीच अक्षरं उमटायची. मी सगळी नावं इंग्रजीत देऊन टाकली. पडद्यावर सारखी दिसणारी वीस-बावीस पिवळी पाकिटं आणि त्यांच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं. सुमनताई बरोबर हवं ते उघडायच्या. त्या ती जागेवरून ओळखतात, दुसऱ्या रांगेतलं तिसरं, खिडकीकडच्या रांगेतलं शेवटचं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एके दिवशी मला तो पसारा खटकला म्हणून मी सगळी पाकिटं नावांप्रमाणे ओळीत लावली आणि विसरून गेले.

त्याच आठवड्यात वीजकपातीमुळे सुट्टी बदलल्याची नोटीस गेटवर लावायची होती. सुट्टी गुरुवारी होती. सुमनताईंनी नेहमीच्या जागेवरचं फोल्डर उघडलं. त्यात मागच्या वर्षीची, अगदी तशीच नोटीस होती, फक्त वार शुक्रवार; ती नवीच समजून त्यांनी छापली. साहेब घाईत होते, त्यांनी न वाचता सही केली. गुरुवारी पहिल्या पाळीची माणसं सायकलींवर, एसटीनं, कुठून कुठून आली आणि बंद गेटसमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या खोलीत आले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, इथं काय लिहिलंय, वाचा बरं." सुमनताई पडद्याकडे बघत राहिल्या. साहेबांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हे?" त्यांची बोटं तशीच कीबोर्डवर होती. "मग मला इंग्रजी वाचता येणारं माणूस बघावं लागेल," असं म्हणून ते निघून गेले. मी शेजारीच उभी होते. फोल्डर मी हलवली होती, आणि मी गप्प राहिले.

दुपारी आम्ही डबे उघडले, पण त्या जेवल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला इंग्रजी येत न्हाई, वैशाली. सातवीत शाळा सुटली. सही करते तेवढीच." मी खाली बघत होते. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ती तू हलवलीस ना?" मी मान डोलावली. "मग मला सांगायचं हुतं," एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं... मी तशीच उठून साहेबांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी थोडं ऐकलं, थोडं नाही. शेवटी सुमनताईंना शिकायला एक आठवडा दिला.

मी त्यांना ए-बी-सी-डी शिकवायला बसले, पण त्यांचं मन लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीकडे बोट दाखवलं. "ही मला कळती बघ. हिच्याखाली काय लिवलंय ते न्हाई कळत, पन ही कुठंबी ठेव, मी वळखीन. बाकीच्यांना अशी चित्रं न्हाई का लावता येत?" नगरच्या कॉम्प्युटर कोर्समध्ये आमच्या सरांनी गंमत म्हणून हे एकदा दाखवलं होतं. माझ्या वहीत ते निघालं. पेंट नावाच्या प्रोग्रॅममध्ये उभे बत्तीस, आडवे बत्तीस ठिपक्यांचं चित्र काढायचं. ते मोठं केलं की जाळी दिसते, तिच्यातलं एकेक घर रंगवायचं. सेव्ह करून नावाची शेवटची तीन अक्षरं बदलली की कॉम्प्युटर त्याला आयकॉन समजतो. मग फोल्डरचा शॉर्टकट समोर ठेवून त्याला ते चित्र लावायचं. मी जाळी उघडून दाखवली. सुमनताई पुढं सरकल्या, चष्मा वर केला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "ही तर वायरची पिशवी हाय," म्हणाल्या.

मला एक चौकोनसुद्धा धड जमेना. त्यांना मात्र पिशवीवर मोर आणि करंड्या विणायची सवय होती, कुठल्या घरात कुठला रंग गेला की लांबून काय दिसेल हे त्यांना आधीच कळायचं. रंग सोळाच होते. "सोळा लई झाले, माझ्याकडं वायरी चारच रंगाच्या असायच्या." ग्रामपंचायतीच्या पत्रांना त्यांनी हापसा काढला. सुट्टीच्या नोटिसांना कुलूप, सुरक्षेच्या सूचनांना पिवळं हेल्मेट, एसटी डेपोच्या पत्रव्यवहाराला लाल गाडी. बत्तीस घरांत गाडीला दोनच खिडक्या बसल्या, तिसरीसाठी त्या दोन दिवस धडपडत होत्या. आठवड्याच्या शेवटी साहेबांनी मुद्दाम उलटसुलट पाच फोल्डर मागितली. पाचही त्यांनी उघडून दाखवली.  पुढच्या महिन्यात साहेबच दारात येऊन म्हणाले, "बाई, माझ्या फोल्डरला पण काहीतरी करा." सुमनताईंनी त्यांना चष्म्याचं चित्र काढून दिलं. माणूस बदलण्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

एका फोल्डरला त्यांनी खूप दिवस चित्रच लावलं नव्हतं. कारखान्यातलं कुणी वारलं की शोकसभेची नोटीस निघते, तिचं ते फोल्डर. मी म्हटलं, पणती काढा, फूल काढा. त्यांना ते पटेना. मग एके दिवशी त्यांनी बंद दार काढलं आणि दारासमोर चपलांचे तीन जोड. "मानूस गेलं की घराबाहेर चपला दिसत्यात. लांबूनच कळतं," म्हणाल्या. त्यांची नोटीस त्या सोमवारी मी टाइप केली. शोकसभेला स्टोअरच्या मोकळ्या जागेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि पाळी सुरू झाली.

त्यांच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, मी पारनेरला गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा. "एखाद्या रविवारी ये की घरी," असं त्या किती वेळा म्हणाल्या होत्या, आणि मी दर वेळी पुढच्या रविवारी म्हणायचे. रविवारी मला काही काम असायचं, असंही नाही. खोलीत बसून असायचे... वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मागच्या खोलीत एक लोखंडी कॉट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिळ्याला अर्धी विणलेली पिशवी. त्यांच्या भावजय माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमी त्यांच्या कंपनीतल्या का? त्या तितं नेमकं काय करत हुत्या वो? आमाला वाटायचं, सायबाचं चहापानी बघत असतील." मी सांगितलं. टायपिंगचं सांगितलं, चित्रांचंही सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "चितरं? कागदावर?" नाही, कॉम्प्युटरवर, मी म्हटलं. "मग आता हायती कुठं ती?" तिथंच, ऑफिसात. त्या म्हणाल्या, "एखादं आनता आलं तर आना. पोरांना दावीन. घरात कधी बोलल्याच न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी लाल गाडीचं चित्र मोठं करून छापायला लावलं. आमचा प्रिंटर काळ्या फितीचा, डॉट मॅट्रिक्स. तो बराच वेळ करकरत राहिला आणि कागदावर करड्या ठिपक्यांचा एक चौकोन आला. गाडी आहे हे माहीत असलं तरच गाडी दिसत होती. तो कागद काही मी पारनेरला पाठवला नाही, माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.

कारखान्यानं त्यांच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. मराठी पत्रंही मीच करते, हळूहळू. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. सुमनताई डावखुऱ्या होत्या. टेबल एक, कॉम्प्युटर एक. मी खुर्चीत बसले की मॉनिटरच्या मागून वायर ओढून माउस उजवीकडे घ्यायचे, त्या बसल्या की तो डावीकडे न्यायच्या. दिवसातून सात-आठ वेळा तरी हे चालायचं. कधी माझी चिडचिड व्हायची, कधी त्यांची होत असेल, पण त्याबद्दल आम्ही एकमेकींना कधी एक शब्द बोललो नाही. मी हात धुऊन आत यायचे तेवढ्यात तो पलीकडे गेलेला असायचा. आता सकाळी कुलूप काढते, खिडकी उघडते, खुर्चीत बसते, तर माउस उजवीकडेच असतो. काल मी ठेवला होता तिथंच.